सहा पौंडांचे ऐंशी रुपये

पहिलंच सांगून टाकतो, मी रागावूनच लिहायला बसलो आहे. संपादक फोनवर म्हणाले, “लांजेवार साहेब, बँकेतल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं.” गमती आहेत, नाही असं नाही. ऐंशी सालानंतर मी साकोली शाखेत होतो. नागझिऱ्याचं जंगल पाहायला आलेला एक जर्मन माणूस डिझेलसाठी मार्काच्या नोटा घेऊन आमच्या काउंटरवर आला. शिपायापासून कॅशिअरपर्यंत सगळ्यांनी ती नोट उजेडात धरून उलटीपालटी केली. कॅशिअरनं ती परत देत मला विचारलं, “हे आपल्याकडे चालते का जी?” चालत नव्हती. आम्ही त्याला भंडाऱ्याला पाठवलं, भंडाऱ्यानं नागपूरला पाठवलं, आणि त्याच्या एसटीचं तिकीट आमच्या मॅनेजरनं स्वतःच्या खिशातून काढलं. झाली गंमत. आता मुद्द्यावर येतो.

परदेशी पैशाचा विषय निघाला की मला तो जर्मन आठवत नाही. मला तुमसर शाखेतलं एक लोखंडी कपाट आठवतं. रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, तरी तळपायाची आग मस्तकात जाते. यात मी स्वतःही सुटलेलो नाही, हेही आत्ताच कबूल करतो.

मी मूळ सानगडीचा. सत्तर साली तुमसरच्या शाखेत क्लार्क म्हणून लागलो. तुमसर म्हणजे तांदळाच्या गिरण्या आणि धानाची बाजारपेठ. तिथं पौंड-डॉलरचं काय काम, असं कोणीही विचारेल. पण तुमसरच्या वरच्या अंगाला मँगनीजच्या खाणी आहेत आणि एके काळी तिथं विलायती कंपनी होती. गोरे साहेब गेले, कंपनी गेली, पण मागं दोन-तीन पेन्शनी राहिल्या. त्या लंडनहून पौंडात यायच्या आणि आमच्या शाखेतून रुपयात वाटल्या जायच्या. वर्षभरात परदेशी पैशाचे एवढेच काय ते व्यवहार.

बाकीचे पेन्शनर कधीच वारले होते; मी लागलो तेव्हा एकच उरली होती, डोमाजी तितिरमारे यांची. राहणार बपेरा, अगदी मध्य प्रदेशच्या हद्दीला लागून. डोमाजी खाणीत मुकादम होता. एकदा दरड कोसळली तेव्हा त्यानं आणि गणपत नावाच्या त्याच्या जोडीदारानं दोन गोऱ्या साहेबांना ओढून बाहेर काढलं. त्यात डोमाजीचा डावा पाय गुडघ्यातून कामातून गेला आणि गणपतचा खांदा. लंडनच्या कचेरीनं दोघांनाही हयातभर दर तीन महिन्यांना सहा पौंड लावून दिले. गणपत पुढं बालाघाटकडे लेकीच्या गावी राहायला गेला, त्याची पेन्शन तिकडच्या बँकेत जायची. डोमाजीची आमच्याकडे.

आता धंद्याची गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. पौंड हीसुद्धा एक विकत घ्यायची वस्तू आहे, धानासारखी. तुम्ही पौंडाचा ड्राफ्ट आणला की बँक तो त्या दिवसाच्या भावानं विकत घेते, तुम्हाला रुपये देते आणि ड्राफ्ट मुंबईला पाठवते. मुंबई आपल्या भावानं शाखेला पैसे जमा करते. दोन्ही भावांत पैशा-दोन पैशांचा फरक असतो, तो बँकेचा नफा. सगळा खेळ त्या दिवसाचा भाव काय, यावर. डोमाजीच्या वेळी ड्राफ्ट आला की कपाट उघडायचं, आतल्या बाजूला चिकटवलेलं पुठ्ठ्याचं कार्ड बघायचं: एका पौंडाला तेरा रुपये तेहतीस पैसे. सहा पौंडांचे बरोबर ऐंशी रुपये. पाच-दहा पैसे हिशेबात इकडेतिकडे, पण आकडा कसा गोल! त्या गोल आकड्यानंच सगळ्यांचे डोळे झाकले.

खरं तर कार्डाकडेही कोणी बघत नसे. रजिस्टरमध्ये मागच्या तिमाहीची नोंद असायची, तिच्याखाली ‘वरीलप्रमाणे’ लिहायचं आणि सही ठोकायची. मी लागलो तेव्हा हेड क्लार्कनं मला हेच शिकवलं. म्हणाला, “डोकं लावू नको, वर पाहून खाली लिही.” मी लिहीत गेलो. दहा तिमाह्या मी स्वतःच्या हातानं लिहिलेल्या आहेत.

डोमाजीला लंगड्या पायानं येणं जमत नसे. त्याचा मुलगा सुखदेव बापाच्या अंगठ्याचा कागद आणि सरपंचाचा हयातीचा दाखला घेऊन यायचा. पंचवीस-सव्वीसचा, सडपातळ, कमी बोलणारा. पैसे घ्यायचा, रुमालात बांधायचा आणि “येतो बाबूजी” म्हणून निघायचा. मला तो आवडायचा, कारण तो कधी हुज्जत घालत नसे.

बहात्तरच्या दिवाळीनंतर बपेऱ्याला मंडई भरली. आमच्या भागात दिवाळीनंतर गावोगाव मंडई म्हणजे जत्रा भरते, रात्रभर दंडार नावाचं लोकनाट्य चालतं, पाहुणे येतात, लेकीजावई येतात. त्या मंडईला गणपत कितीतरी वर्षांनी आला. दोघे म्हातारे बसले गप्पा मारत. गणपतनं सहज विचारलं, “का गा डोमा, तुले किती भेटते पेन्सन?” डोमाजी म्हणाला ऐंशी. गणपत म्हणाला, “अबे, मले तं एकशे बारा भेटते! तुले ऐंशीच काहून?”

एकच दरड, तेच साहेब, सहा-सहा पौंड, आणि एकाला एकशे बारा, दुसऱ्याला ऐंशी. डोमाजीनं उभ्या आयुष्यात बँकेचं दार पाहिलेलं नव्हतं. लंडनहून पैसे निघतात आणि सुखदेवच्या हातानं घरी येतात, एवढंच त्याला ठाऊक. मधल्या वाटेत हात लावणारं माणूस त्याला एकच दिसत होतं. भर मंडईत, पाहुण्यारावळ्यांसमोर, सोयऱ्यांसमोर, वरचे पैसे कुठं जातात म्हणून त्यानं पोराला विचारलं, “दर बारीनं बत्तीस रुपये कोटी जाते रे?” सुखदेवला काही कळेचना. तो म्हणाला, “बाबा, मले ऐंशीच देते.” त्यावर गणपतनं आपलं पासबुक काढून दाखवलं. गावातल्या मास्तरनं ते मोठ्यानं वाचलं. झालं, पोरगा चोर ठरला. तिसऱ्या दिवशी डोमाजीनं त्याला बायको आणि लेकरासकट घराबाहेर काढलं.

हे सगळं मला सुखदेवनं सांगितलं, पंधरा-वीस दिवसांनी, बँकेत काउंटरवर उभं राहून. तोवर तो तुमसरलाच एका तांदळाच्या गिरणीत हमाली करायला लागला होता. अंगावर कोंडा, डोळे लाल. म्हणाला, “बाबूजी, मले लिहून द्या का बँक ऐंशीच देते. माया सासऱ्यानं बायकोले परत नेतो म्हून निरोप धाडला. म्हणते, चोराच्या घरी पोरगी ठेवत नाही.”

आता माझा शहाणपणा ऐका. मी रजिस्टर काढलं, त्याच्यापुढं फिरवलं आणि तोऱ्यात म्हणालो, “अरे, ऐंशीच आहेत. सरकारी भाव आहे. गणपतच्या बँकेनं चूक केली असेल, त्यांना कळलं की त्याच्याकडून कापून घेतील.” आणि लेटरहेडवर लिहून दिलं: सहा पौंडांचे चालू दराने ऐंशी रुपये होतात व तेवढेच देण्यात आले आहेत. खाली सही, शिक्का. चालू दराने! दर काय आहे हे एकदाही न तपासता मी ते लिहिलं. आज तो कागद आठवला तरी स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात.

आठ दिवसांनी सुखदेव तोच कागद घेऊन आला. फाटून चार तुकडे झालेला. डोमाजीनं तो मास्तरकडून वाचून घेतला होता आणि म्हणाला होता, “बाबूले हिस्सा देऊन लिहून आनलं असन. गनपतचं पासबुक खोटं होय का?” गावात आता मीही चोर होतो, सुखदेवचा भागीदार.

मला राग आला. सुखदेवसाठी नाही, खोटं कशाला बोलू, माझ्यासाठी आला. बपेऱ्याचा एक लंगडा म्हातारा मला चोर म्हणतो! मी त्याच दिवशी वाचनालयात गेलो आणि नागपूरच्या पेपरचं बाजारभावाचं पान काढलं. सोनं, चांदी, सरकी, आणि खाली कोपऱ्यात पौंड. अठरा रुपये आणि वर ब्याण्णव-त्र्याण्णव पैसे. मी ते चारदा वाचलं. मग मागच्या महिन्याचे पेपर काढले. अठरा. त्याच्या मागचे काढले. अठरा.

दुसऱ्या दिवशी लवकर जाऊन मी जुन्या फायली उपसल्या. सहासष्टच्या जूनमध्ये सरकारनं रुपयाची किंमत घटवली, तेव्हा पौंड तेरावरून एकवीसवर गेला. सगळ्या देशात बोंबाबोंब झाली होती, मी शाळा सोडून कॉलेजात गेलो होतो, मलाही आठवत होतं. पुढल्या वर्षी पौंडानंच मान टाकली आणि भाव अठरावर आला. दोन्ही वेळी मुंबईहून आमच्या शाखेला परिपत्रक आलं होतं. ते व्यवस्थित भोकं पाडून फाईलला लावलेलं होतं, त्यावर ‘पाहिले’ म्हणून तीन-तीन सह्या होत्या. पाहिलं तिघांनी, पण कपाटातलं कार्ड बदलायला कोणी उठलं नाही. मला सांगा, पुठ्ठ्याच्या कार्डावर एक चिटोरं चिकटवायला किती डिंक लागतो?

आणि सगळ्यात संतापाची गोष्ट पुढं आहे. मुंबई आमच्या शाखेला खऱ्या भावानंच पैसे देत होती. कधी एकशे सव्वीस, कधी एकशे आठ. आम्ही डोमाजीला ऐंशी द्यायचो आणि उरलेले ‘विनिमय नफा’ या खात्यात जायचे. सहा वर्षांहून जास्त. मी बेरीज केली, साडेआठशेच्या वर गेली. धान्य बाजारात एखाद्या अडत्यानं असं केलं असतं तर लोकांनी त्याची कॉलर धरली असती.

मी रजिस्टर घेऊन मॅनेजरच्या केबिनमध्ये गेलो. मॅनेजर कोकणाकडचे, दोन वर्षांपूर्वीच आलेले, स्वभावानं वाईट नव्हते. सगळं पाहून त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, “पुढच्या तिमाहीपासून बरोबर भाव लावा. मागचं राहू दे.”

“राहू दे कसं साहेब? त्या माणसाचे पैसे आहेत.”

“लांजेवार, तोट्याच्या बाजूला चूक निघाली की ऑडिट ओरडतं. नफ्याच्या बाजूला निघाली तर तिला कोणी चूक म्हणत नाही. तुम्ही पत्र लिहिलंत की तीन मॅनेजर, दोन इन्स्पेक्टर आणि तुम्ही स्वतः, सगळे लटकाल. साडेआठशे रुपयांसाठी?”

मी म्हणालो, “साहेब, त्याचा पोरगा चोर म्हणून घराबाहेर आहे.”

ते म्हणाले, “तो त्यांचा घरगुती मामला आहे.”

घरगुती! आम्ही त्यांच्या घरात आग लावायची आणि वर म्हणायचं की घर तुमचं आहे. मी बाहेर आलो, टाईपरायटरवर बसलो आणि मुख्य कचेरीला थेट पत्र लिहिलं. रागाच्या भरात ‘डोमाजी’चं ‘डोजामी’ झालं, कागद बदलून पुन्हा टाईप केलं.

उत्तर यायला चार महिने लागले. उत्तर डोमाजीबद्दल नव्हतंच. मला मेमो होता. दहा तिमाह्या चुकीच्या दरानं नोंदी का केल्या, खुलासा करा. बाकीच्यांना काही नाही, कारण बाकीच्यांनी पत्र लिहिलं नव्हतं. मी खुलासा पाठवला. मग पुन्हा पत्र, पुन्हा खुलासा, माहिती मागवली, माहिती पाठवली, ती मिळाली नाही, पुन्हा पाठवली. दीड वर्ष असंच चाललं. या दीड वर्षात सुखदेवची बायको माहेरी गेली ती गेलीच. तो दर शनिवारी गिरणीतून सुटला की बँकेच्या फाटकाशी यायचा आणि विचारायचा, “आला का जी कागद?” पैसे आले का, असं त्यानं एकदाही विचारलं नाही. एकदा मीच म्हणालो की साडेआठशे मिळतील, तर म्हणाला, “पैसे बाबाले द्या. मले फक्त लिहून द्या का मी खाल्लो नाही. एका वळीचं काम हाये बाबूजी.” पण मेमो डोक्यावर असताना, वरच्या परवानगीशिवाय ती एक ओळ लिहायची माझी हिंमत झाली नाही.

शेवटी चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात कागद आला. बँकेनं डोमाजीला ‘केवळ सद्भावनेपोटी’ चारशे रुपये द्यायचं ठरवलं होतं. अट एकच, डोमाजीनं एका मसुद्यावर अंगठा करायचा. मॅनेजर खूश. शनिवारी जीप पाठवून त्यांनी डोमाजीला बपेऱ्याहून आणवलं. सोबत त्याची म्हातारी होती आणि गावातले चार जण, कारण बँकेच्या जीपमध्ये बसायला कोणाला नको असतं? मी सुखदेवलाही निरोप धाडला. तो गिरणीतून तसाच आला आणि दाराशी थांबला. बापानं त्याच्याकडे पाहिलं नाही.

मॅनेजरनं डोमाजीला खुर्ची दिली, चहा मागवला, मसुदा पुढं ठेवला आणि शाईची पेटी उघडली. म्हणाले, “लांजेवार, यांच्या भाषेत वाचून दाखवा.”

मी वाचायला लागलो. पहिल्या दोन ओळी नावगावाच्या. तिसरी ओळ अशी होती: ‘बँकेकडून सदर रकमेच्या प्रदानात कोणतीही चूक अथवा कसूर झालेली नाही, हे मला मान्य आहे.’

मी थांबलो. म्हातारीनं विचारलं, “का म्हणते जी?”

आता विचार करा. या कागदावर अंगठा झाला म्हणजे लेखी ठरलं की बँकेनं सगळे पैसे बरोबर दिले. बँकेनं बरोबर दिले आणि घरी कमी पोचले, तर मधले कोणी खाल्ले? चारशे रुपयांत बँक आपली अब्रू झाकणार होती आणि तीसुद्धा सुखदेवच्या अंगावरचं पांघरूण ओढून. मुंबईत बसून हे वाक्य ज्यानं लिहिलं, त्यानं ते फार विचारपूर्वक लिहिलं होतं.

डोमाजीचा अंगठा शाईत बुडाला होता. मॅनेजर कागद पुढं सरकवत होते. मी तो कागद उचलला.

“डोमाजीबुवा, याच्यात लिहिलं आहे की बँकेची चूक नाही. खोटं आहे ते. चूक बँकेची आहे. पौंडाचा भाव तेरावरून एकवीस झाला, मग अठरा झाला, आम्ही तुम्हाला तेराच लावत राहिलो. बत्तीस रुपये आम्ही ठेवले. तुमच्या पोरानं एक पैसा खाल्ला नाही. आणि ते रजिस्टर लिहिणारा मी आहे. मी वर पाहून खाली लिहिलं. त्याला तो कागद लिहून दिला, तोही चुकीचा होता.”

“लांजेवार!” मॅनेजर ओरडले. कॅशिअरनं नोटा मोजणं थांबवलं. शनिवारचा दिवस, बाजाराचे लोक भरलेले, सगळे आमच्याकडे पाहायला लागले.

डोमाजीनं शाईनं भरलेला अंगठा मागं घेतला. मग म्हणाला, “म्हंजे पोट्टा चोर नोहोय?”

“नाही.”

“तुमी सरकारी मान्सं. दोन साल काहून नाही बोल्ले?”

मी काय सांगणार? पत्रव्यवहार चालू होता, हे त्याला सांगायला मला लाज वाटली. डोमाजीनं अंगठ्याची शाई धोतराला पुसली आणि उभा राहिला. चहाला त्यानं हात लावला नव्हता. लंगडत दाराशी गेला, सुखदेवच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, “चाल घरी.”

मला वाटलं, झालं. संपलं एकदाचं. पण सुखदेव हलला नाही. आवाज न चढवता तो म्हणाला, “कायले येऊ? पौंडाचा भाव समजला म्हून मी आज चोर नाही झालो. उद्या भाव फिरला का तुमी पुन्हा मले इचारान, कोटी गेले रे? माया सब्दाचा काही भाव होता का तुमच्यापाशी?” एवढं बोलून तो गिरणीकडे निघून गेला. बाप तिथंच उभा. म्हातारी पदर तोंडाला लावून रडत होती. मॅनेजरनं जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली.

माझी एक वेतनवाढ रोखली गेली. कारण लिहिलं होतं, ग्राहकासमोर बँकेच्या हिताविरुद्ध वक्तव्य. मी त्या वेळी लग्नाला उभा होतो, वडिलांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. चारशे रुपये पुढं अंगठ्याशिवायच डोमाजीच्या नावानं आले, बहुतेक कोणाला तरी ते प्रकरण मिटवायचं होतं. उरलेले साडेचारशे कधीच आले नाहीत. मी एकूण सात पत्रं लिहिली. सातव्याचं उत्तर आलं की हे प्रकरण बंद करण्यात आले आहे. ‘विनिमय नफा’ खात्याचं नाव नंतर बदललं, बँकेची नवी इमारत झाली, उद्घाटनाला मंत्री आले, पेढे वाटले. मी पेढा घेतला नाही. लोकांना वाटलं मला साखरेचा त्रास आहे.

सुखदेवची बायको मात्र परत आली. त्याच्या सासऱ्याकडे मी स्वतः गेलो होतो, रविवारी, रजिस्टरच्या नोंदी वहीत उतरवून घेऊन. नियमात बसत नव्हतं. तरी गेलो. पंच्याहत्तरच्या पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या, म्हणजे लावणीच्या, तोंडावर डोमाजीची म्हातारी बांधावरून पडली आणि तिचा हात मोडला. लावायची रोपं, परे, वाढून गेलेले, धानाच्या बांधीत पाणी, आणि घरात एक लंगडा म्हातारा. सुखदेव गिरणीवरून सुट्टी घेऊन रोवणीपुरता गेला आणि तिथंच राहिला. बापलेकांत बोलणं कामापुरतं. पेन्शन आणायला मात्र तो पुन्हा येऊ लागला. तेव्हा आम्ही त्याला पूर्ण भाव देत होतो, एकशे बारा-तेरा. दर खेपेला तो माझ्याकडून भाव कागदावर लिहून घ्यायचा आणि घडी करून खिशात ठेवायचा. त्या घडी करण्याकडे मला बघवत नसे.

आणि मग जे व्हायचं तेच झालं. पूर्वी आमचा रुपया पौंडाला बांधलेला असे, त्यामुळे भाव वर्षानुवर्षं जागचा हलत नसे. पंच्याहत्तर साली सरकारनं तो दोर सोडला. आता भाव सारखा हलायला लागला, मुंबईहून तार यायची. शहात्तरमध्ये विलायतेतच पौंड घसरायला लागला. आधी पाच-सात रुपये कमी झाले, मग दहा-पंधरा. सुखदेवच्या कपाळावरची आठी दर खेपेला वाढत होती. दिवाळीच्या तोंडावरच्या खेपेला मी हिशेब केला तर सहा पौंडांचे फक्त अठ्ठ्याऐंशी रुपये झाले. तीनदा ताळा केला. तारेतला आकडा वाचून घेतला, नागपूरला ट्रंककॉल लावून खात्री केली. अठ्ठ्याऐंशीच.

सुखदेवनं आकडा ऐकला आणि काउंटरवरून दोन पावलं मागं सरकला. म्हणाला, “मी नेत नाही. तुमीच चाला आनि तुमच्या हातानं द्या.”

मी रजा टाकली आणि त्याच्यासोबत एसटीनं बपेऱ्याला गेलो. डोमाजी छपरीत बाजेवर बसला होता. मला पाहून त्यानं सरकून जागा केली, पण तिथं सुखदेव बसला. मला म्हातारीनं स्टूल आणून दिलं. मी नोटा डोमाजीच्या हातात दिल्या. त्यानं त्या सावकाश मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग मान वर करून सुखदेवकडे पाहिलं. सुखदेव जमिनीकडे पाहत होता. मनात म्हटलं, आता हा म्हातारा पुन्हा तेच विचारणार आणि हा पोरगा उठून जाणार तो परत येणार नाही.

डोमाजीनं मान वळवली आणि माझ्याकडे पाहिलं.

“काहून जी बाबू,” तो म्हणाला, “या बारीनं तुमीनं खाल्ले का?”

मी शपथ घेतली. विलायतेत पौंड पडला म्हणून सांगितलं, मुंबईची तार काढून दाखवली, पेपरचं कात्रण दाखवलं. “पाहा ना जी, अठ्ठ्याऐंशीच होतात,” मी घाम पुसत म्हणालो. या वेळी माझा भाव पै न् पैनं बरोबर होता आणि माझ्यावर कोणी विश्वास ठेवत नव्हतं. म्हातारा मान हलवत राहिला. म्हणाला, “दर बारीनं तुमची काही ना काही गोष्ट राह्यते.”

सुखदेव पहिल्यांदा हसला. त्यानं बापाच्या हातातला तारेचा कागद घेतला आणि म्हणाला, “बाबा, बाबूले नीट इचारून घ्या. सोडू नोका.” मी पुन्हा पहिल्यापासून समजावून सांगायला लागलो, आणि बापलेक एकाच बाजेवर खांद्याला खांदा लावून बसून माझ्याकडे संशयानं पाहत राहिले.